दिलेलं नाही

उत्तरपत्रिका परत हातात आली तेव्हा सव्विसाव्या प्रश्नाच्या बाजूला लाल शाईत एक ओळ होती: हे लेखकाचं मत नाही, तुमचं आहे. एवढंच. खाली वळणदार आकड्यांत चाळीसपैकी एकोणतीस. तिनं कागद उलटा करून बाकावर ठेवला, मग पुन्हा सुलटा केला आणि ती ओळ परत वाचली, जशी काही मधल्या दोन मिनिटांत कुणी ती खोडली असती. उतारा साधा होता. एका शहरात चौकाचौकांत मोठी घड्याळं होती. नगरपालिकेनं ती एका आठवड्यात उतरवली, आणि लोक आपापल्या मनगटाकडे बघायला लागले. खाली विधान होतं की लेखकाला नगरपालिकेचा निर्णय योग्य वाटतो. पर्याय तीन: हो, नाही, किंवा उताऱ्यात दिलेलं नाही. तिनं 'नाही' लिहिलं होतं. एका आठवड्यात उतरवली, असं कोण लिहितं? ज्याला बोचलंय तोच दिवस मोजतो. त्या वाक्यामागचा सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला होता, आणि बरोबर उत्तर होतं 'दिलेलं नाही'. इंग्रजीच्या शिकवणीवर्गातल्या मास्तरांना सगळे पाठीमागे 'पुरावा' म्हणत, कारण कुणी काहीही उत्तर दिलं की ते बोट उचलून विचारत, पुरावा कुठाय? तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सडपातळ, कायम एकाच करड्या स्वेटरमधला माणूस. सुस्काऱ्याला पुरावा नसतो हे त्याला कसं सांगायचं?  तिची कानशिलं तापली होती आणि ती निवेनात.

इंग्रजी तिला येत नव्हतं अशातला भाग नाही. परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या परीक्षेत नवापैकी ऐकण्यात साडेसात, बोलण्यात सात, लिहिण्यातही सात. घोडं पेंड खायचं ते वाचनात. तीस प्रश्न बरोबर आले की सात मिळत, एकोणतिसांवर साडेसहा. परदेशातल्या एका इस्पितळानं एक्स-रे विभागातली जागा तिच्यासाठी वर्षअखेरपर्यंत राखून ठेवली होती, अट एकच, चारही विषयांत सात. पुढच्या वर्षी ती पंचेचाळीस पूर्ण करणार होती आणि त्या वयानंतर त्या देशाचं दार जवळजवळ बंदच व्हायचं. म्हणजे आता शेवटची एक परीक्षा उरली होती. तीनदा ती बसली होती आणि तिन्ही वेळा साडेसहावर आपटली होती, आणि सरावाच्या चाचण्यांवरून तिला पक्कं ठाऊक झालं होतं की चूक दरवेळी एकाच ठिकाणची. मधमाश्यांच्या माहितीत ती चुकत नसे, आलेख, तारखा, पूल कुणी बांधला, काही नाही. लेखकाला काय वाटतं असा प्रश्न आला की तिचं डोकं पेटून उठायचं. तिला सगळंच दिसायचं. 'कदाचित' या शब्दात भीती दिसायची, 'अर्थातच' या शब्दात चीड, आणि जिथं लेखक नुसताच पुढच्या परिच्छेदाकडे निघून जायचा तिथं तर त्याचा आख्खा नकार दिसायचा. मास्तर म्हणत, लेखकानं मत दिलं असेल तर घ्या, नसेल तर सोडून द्या, कशाला मागे लागता. वर्गातला एक वेल्डर, ज्याला दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, या प्रश्नांत पैकीच्या पैकी मिळवायचा. त्याची युक्ती त्यानं तिला मोकळेपणानं सांगितलीही होती. तो म्हणाला, ताई, मी बोट ठेवून शोधतो, सापडलं तर ठीक, नाही सापडलं की 'दिलेलं नाही', आणि पुढं. तुम्ही वाचत नाही, तुम्ही चौकशी करता. यावर ती हसली होती, पण घरी जाताना बसमध्ये तिला त्या वेल्डरचा असा राग आला की उतरायचा थांबा मागे पडला.

आणि विनोद असा की दिवसभर ती हेच तर करत होती: काही न सांगण्याची नोकरी. इस्पितळाच्या तळघरातली ती खोली, मधे टेबल, वर लोंबणारं यंत्र, कोपऱ्यात जाड काचेमागची तिची जागा. श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा. दिवसाला चाळीस छात्या, दहाबारा गुडघे, पाठी, मनगटं. चित्र पडद्यावर आलं की तिला ते कळायचं, सगळं नाही पण पुष्कळ कळायचं, आणि टेक्निशियननं रोग्याला काही सांगायचं नाही हा नियम. सांगायचं ते डॉक्टर सांगणार. त्यामुळे लोक तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. शर्टाची बटणं लावता लावता बघायचे, काठी शोधता शोधता बघायचे, आणि ती बावीस वर्षांत असा एक चेहरा तयार करून बसली होती की त्यात कुणाला काडीचंही काही सापडू नये. एकदा एका म्हाताऱ्यानं जाताना दारात थांबून विचारलं होतं, बाई, तुम्ही मघाशी दोनदा चित्र काढलंत, ते का? ती म्हणाली, तुम्ही हललात म्हणून. तो खरंच हलला होता. पण तो काही ते खरं धरून गेला नाही. तो दोन या आकड्याला धरून गेला. त्या वेळी तिला त्याची कीव आली होती की माणसं उगाच नसलेलं वाचतात. आता सव्विसाव्या प्रश्नाकडे बघताना तिला वाटलं, तो म्हातारा आणि आपण एकाच बाकावरचे.

हे लागलं कुठून, हे तिला शोधावं लागत नव्हतं. 'मौन म्हणजे संमती' असं इतर घरांत म्हणत असतील. त्यांच्या घरात मौन म्हणजे नाही. वडील घड्याळजी होते, म्हणजे दिवसभर डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून बसायचे, आणि घरी आल्यावरही ती मान पूर्ण वर यायची नाही. त्यांनी तिला कधी नाही म्हटलं नाही. नववीत असताना शाळेची सहल जाणार होती, समुद्राकाठी, तीन दिवस. तिनं जेवताना विचारलं. वडिलांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि आईला विचारलं, न्हाणीघरातला नळ अजून गळतोय का? झालं. सहल तिथंच संपली. दादानं टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, म्हणजे आता पुन्हा विचारू नकोस. रागावले असते, पैसे नाहीत म्हणाले असते, मुलींनी कशाला जायचं म्हणाले असते तर तिला भांडता आलं असतं. गळत्या नळाशी काय भांडणार? अशी ती शिकली. मान किती वाकलीय, चमचा कुठं ठेवला, कुठल्या शब्दानंतर थांबले, यावरून उत्तर ओळखायला शिकली, आणि ती कधी चुकत नसे. वडील गेल्यावरसुद्धा ती विद्या तिच्या अंगातून गेली नाही. इस्पितळाच्या दफ्तरखान्यात एक कारकून होता, फायली घेऊन तळघरात यायचा, जिना दोनदोन पायऱ्यांनी चढायचा. एकदा त्यानं विचारलं, रविवारी तुम्ही काय करता? ती म्हणाली, आईचे कपडे, बाजार, काही ना काही असतंच. तो म्हणाला, अच्छा. ते 'अच्छा' घेऊन तिनं एक आख्खा महिना काढला. त्यात तिला माघार दिसली, सुटका दिसली, बरं झालं फार पुढं गेलो नाही असं काहीतरी दिसलं, आणि तिनं जिन्याकडे बघणं सोडून दिलं. चार वर्षांनी त्याची बदली झाली, तेव्हा निरोपाच्या चहाला त्यानं तिला हसत हसत सांगितलं की तुम्ही तेव्हा सरळ 'नाही'च म्हणालात. बाजार म्हणालात. त्याची बायको शेजारीच उभी होती, तीही हसली. तिनं चहाचा कप बशीत नीट ठेवला आणि तीही हसली. दोघांनी एकमेकांच्या नावापुढं 'नाही' लिहून ठेवलं होतं, आणि दोन्ही उत्तरं चुकीची होती. त्या रात्री तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे न कळल्यानं तो तसाच राहिला.

आता घरात ती आणि आई. आई तीस वर्षं टेलिफोन कचेरीत होती, कानाला यंत्र लावून, नंबर जोडून देत. दिवसाला शेकडो माणसांशी बोलायची आणि सगळ्यांशी एकाच पट्टीत: थांबा, जोडते, लाइन मोकळी नाही, बोला आता. मरणाची बातमी असो की बारशाची, आवाजाची सुई हलायची नाही. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी आईचा आवाज तसाच होता. उलट ती चिडली की आवाज जास्तच गोड व्हायचा. शेजारणीला ती एकदा 'आपली फार मेहरबानी झाली' असं म्हणाली होती आणि शेजारीण आठवडाभर खूश होती. चेहरा मात्र आईला कधी झाकता आला नाही. टेलिफोनच्या नोकरीत चेहऱ्याची गरजच पडली नव्हती, त्यामुळे तो लहान मुलासारखा उघडाच राहून गेला होता. मनात काही आलं की आधी हनुवटी हलायची, मग डावी भुवई, मग ओठ आत जायचे. मुलगी एवढा एक चेहरा लहानपणापासून वाचत आली होती. पहिल्या परीक्षेचा अर्ज भरला त्या दिवशी आई म्हणाली होती, छान झालं, भर की. आणि हनुवटी हलली होती. एवढ्यावरून तिनं ठरवून टाकलं होतं की आईला हे नको आहे. आईनं अवाक्षरही काढलं नव्हतं, म्हणजे तर नकोच आहे. त्यानंतर त्या विषयावर दोघी बोलल्या नव्हत्या. परीक्षा झाली की आई विचारायची, पेपर कसा होता? ती सांगायची, ठीक. निकाल लागला की ती साडेसहा म्हणायची आणि आई म्हणायची, अगबाई, पुन्हा? त्यात हळहळ किती आणि हायसं किती, हे ती जेवण होईपर्यंत तोलत राहायची. कधीकधी तिला भलताच संशय यायचा की तो अर्धा गुण आपण आपल्या हातानंच सोडतोय की काय. मग ती स्वतःवरच खेकसायची.

आईचं काय करायचं हा प्रश्न तिनं दादाला विचारला होता. दादा दुसऱ्या शहरात, वहिनी, दोन मुली, चौथ्या मजल्यावरचं घर. तीन आठवड्यांपूर्वी तिनं मोबाइलवर सरळ लिहिलं: मी गेले तर आईला तुझ्याकडे ठेवशील का? एका ओळीचा प्रश्न. दोन दिवसांनी उत्तर आलं ते लांबलचक. थोरलीची परीक्षा तोंडावर आहे. लिफ्ट गेल्या महिन्यापासून बंद, सोसायटीवाले उंटावरून शेळ्या हाकतायत. वहिनीचा गुडघा पुन्हा दुखतोय. आईला जिने चढवत नाहीत हे तुला माहीतच आहे. तुझ्या नोकरीचं ऐकून बरं वाटलं, तुझी फार मेहनत आहे. आपण बोलू एकदा सविस्तर. ते तिनं इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. दादा, वडिलांचा मुलगा. गळत्या नळाऐवजी लिफ्ट. टेबलाखालून पाय लावणारा तोच, पण आता टेबलाच्या पलीकडे जाऊन बसलेला. ताकाला जाऊन भांडं लपवतोय, असं तिनं स्वतःशीच म्हटलं. पण उलटून फोन करून 'हो की नाही' असं विचारायला तिची जीभ उचलली नाही. तसं त्यांच्या घरात कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

सव्विसाव्या प्रश्नाची ती लाल ओळ डोक्यात घेऊन ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली, आणि दुपारच्या सुट्टीत, डबा न उघडताच, तिनं एक वेडेपणा केला. दादाचा तो निरोप तिनं इंग्रजीत उतरवला. नावं काढली, लिफ्ट ठेवली, गुडघा ठेवला. खाली पाच विधानं लिहिली, अगदी परीक्षेत असतात तशी. लेखकाला आपल्या बहिणीच्या कष्टांची कदर आहे. लेखकाच्या मते इमारतीची व्यवस्था वाईट आहे. लेखकाच्या पत्नीची तब्येत ठीक नाही. लेखक आईला आपल्या घरी ठेवायला तयार आहे. लेखकाला वाटतं की बहिणीनं परदेशी जाऊ नये. लिहिताना तिला एक दुष्ट आनंद होत होता. आता बघू, 'पुरावा' काय करतो ते. संध्याकाळी वर्गाआधी तिनं तो कागद त्याला दिला आणि सांगितलं की एका जुन्या पुस्तकात सापडलेला उतारा आहे, उत्तरं दिलेली नाहीत, मला अडलंय. त्यानं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, छान आहे म्हणाला, आणि तिला काही कळायच्या आत सगळ्यांसाठी प्रती काढून आणल्या.

अशी त्या दिवशी आठ अनोळखी माणसं तिच्या भावाचं मन वाचत बसली. पंख्याखाली कागद फडफडत होते, लोक पेन्सिलीनं रेघा मारत होते. पुढच्या बाकावरच्या दंतवैद्यीणबाईंनी 'फार मेहनत' या शब्दांभोवती गोल काढला. तिला उठून सगळ्यांच्या हातातले कागद हिसकावून घ्यावेसे वाटले. त्या कागदांवर तिच्या वहिनीचा गुडघा होता. पहिल्या तीन विधानांवर सगळ्यांचं एकमत झालं: हो, हो, हो. चौथं आलं. आईला ठेवायला तयार आहे का? आठ जणांनी 'दिलेलं नाही' सांगितलं, अगदी कंटाळून, जसं काही त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. ती एकटी म्हणाली, नाही.

"पुरावा?" मास्तरांनी बोट उचललं.

"चार ओळीत चार अडचणी सांगितल्यात त्यानं," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "परीक्षा, लिफ्ट, गुडघा, जिने. ज्याला ठेवायचंय तो असं लिहितो का? तो नाही म्हणतोय. नाही हा शब्द तेवढा तोंडातून काढत नाहीये, कारण तो काढला तर त्याला वाईट ठरावं लागेल."

मास्तरांनी कागद पुन्हा वाचला. त्यांनी तो खरंच वाचला, घाईनं नाही, आणि त्याबद्दल तिला त्यांच्याविषयी क्षणभर बरं वाटलं. मग ते म्हणाले की अडचणी आहेत, हे त्यानं सांगितलंय. अडचणींमुळे तो नकार देतोय, हे सांगितलेलं नाही. लिफ्ट सुरू झाली तर? परीक्षा संपली तर? तो नकार देईलही. पण अजून दिलेला नाही. नकार तुम्ही त्याच्या वतीनं लिहून टाकलात. ती म्हणाली, मग त्यानं द्यावा ना, द्यावा की.  एवढ्या साध्या उताऱ्यावर एवढं तापण्यासारखं काय आहे, असं बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. मग मागून वेल्डर म्हणाला, पेन्सिल कानाच्या मागे खोचत,

"ताई, मला वेगळंच अडलं. या आईला काय पाहिजे ते कुणीच विचारलेलं नाही. लेखकानं नाही ते नाहीच, पण ज्यानं खाली प्रश्न काढले त्यानंपण नाही."

वर्ग हसला, मास्तरही हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, पण आपल्याला विचारलेल्याचीच उत्तरं द्यायची. पुढचा उतारा घेऊ. पुढचा उतारा मिठाच्या खाणींचा होता. त्यातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरलं नाही. पाच विधानं तिनंच काढली होती. भावाची कदर, भावाची बायको, भावाची इमारत, भावाचं मत. ज्या बाईला कुठं ठेवायचं याची चर्चा चालली होती, तिच्याबद्दल एक ओळ नव्हती. वर्ग सुटल्यावर ती बसनं न जाता चालत निघाली. रस्त्यात दिवे लागत होते, एका दुकानात शटर अर्धं ओढून आत कुणी फरशी पुसत होतं. तिला आधी वेल्डरचा राग आला, मग दादाचा, मग मेलेल्या वडिलांचा, आणि हे सगळे राग फिरून फिरून तिच्याच दारात येऊन बसायला लागले. तू तरी कुठं विचारलंस? इतकी वर्षं आईच्या हनुवटीकडे बघत बसलीस, तोंड उघडून एकदा विचारलंस का? तिनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला की विचारायची गरज नव्हती, दिसत होतं. आणि दिसत होतं म्हणजे काय, हेच तर सव्विसाव्या प्रश्नानं तिच्या तोंडावर फेकलं होतं. बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सोनं पडून होतं आणि जो तो दुसऱ्याच्या ढिगाचा अंदाज करत होता. या अंदाजांचा तिला वीट आला होता. कुणीतरी आपल्याला एक सरळ शब्द द्यावा, चांगला की वाईट ते नंतर बघू, पण असा हातात धरता येण्यासारखा एक शब्द. एवढंच तिला हवं होतं, आणि ते मागायची सुद्धा तिला लाज वाटत होती.

शनिवार तसाच गेला. ती दोनदा बोलायला गेली आणि दोन्ही वेळा आईकडे पाहिल्याबरोबर थांबली. पाहिलं की वाचणं सुरू व्हायचं, आणि वाचणं सुरू झालं की प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शर्टाला बटण लावत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोरा दाताखाली. परीक्षेच्या अर्जाची मुदत त्या संध्याकाळी संपत होती. ती सकाळचे कप घेऊन मोरीपाशी गेली, नळ सोडला, आणि आईकडे पाठ असताना तिला एकदम कळलं की विचारायचं असेल तर असंच विचारता येईल. समोर भिंत होती, भिंतीवर एक खिळा. त्या खिळ्याकडे बघत ती म्हणाली,

"आई, मी तिकडं गेले तर तुला चालेल का?"

 नळाचं पाणी कपात पडत होतं. तिनं नळ बारीक केला.

"दादाकडे जावं लागेल असं नाही," ती पुढं म्हणाली. "त्याचं अजून काही कळलेलं नाही. कदाचित इथंच एकटं राहावं लागेल. मी जावं का? मला सांग. तू काय म्हणशील तेवढंच मी ऐकणार आहे."

खुर्ची किंचित करकरली. मग आईचा आवाज आला, त्याच पट्टीतला, स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत नीट. "जा."

"एकटी राहशील?"

"राहीन."

"नक्की?"

"सांगितलं ना, जा म्हणून."

हातातला कप धुऊन झाला होता. तो तिनं पुन्हा धुतला. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, तिला आईची नजर जाणवत होती. आई सुई खाली ठेवून तिच्या पाठीकडे बघत होती. बटणाच्या कामाचा आवाज थांबलेला होता. तिला पक्कं ठाऊक होतं की आत्ता मान वळवली तर काय दिसेल. हनुवटी. भुवई. ओठ आत गेलेले. ते दिसलं की ती गेली नसती. ते आईलाही ठाऊक होतं, आणि ती वळेल म्हणून आई थांबली होती. जन्मभर तर ती वळत आली होती, आईला शब्दांनी काही सांगायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती. आणि कदाचित यातलं काहीच खरं नसेल. कदाचित आई नुसतीच दोरा ओवत असेल. तिला दुःखापेक्षा राग जास्त आला, की एवढा एक शब्द मागून मिळाला तर तोही आपल्याला सरळ घेता येऊ नये. तिला मान वळवायची इतकी इच्छा झाली की तिनं मोरीचा काठ दोन्ही हातांनी धरला. आई जा म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती.

"बरं," ती म्हणाली.

तिनं नळ बंद केला, फडक्याला हात पुसले, आणि भिंतीच्या बाजूनं, टेबलाकडे न बघता, आपल्या खोलीत गेली. दार लोटलं नाही. अर्ज उघडला. नाव, जन्मतारीख, याआधी किती वेळा बसलात. स्वयंपाकघरातून काही आवाज येत नव्हता, सुईचा नाही की खुर्चीचा नाही. ती भरत राहिली. रकान्यांची शेवटची ओळ संपली तरी आई काही बोलली नव्हती, आणि तिनं अर्ज पाठवून दिला.